अर्धी मात्रा

त्यांची नावं मला पाठ आहेत,
पण घरात आम्ही त्यांना 'ते दोघं' एवढंच म्हणतो,
शेजारच्यांविषयी बोलावं तसं.
हिवाळ्यात नॉर्थॅम्प्टनला शनिवार दुपारीच मावळतो,
केटरिंग रोडवरची दुकानं साडेतीनलाच दिवे लावतात,
आणि मी पडदा ओढून
ते दोघं लावतो.

मी बुटांच्या कारखान्यातला माणूस.
एकतीस वर्षं तळ शिवले.
माणसाचा चेहरा नंतर,
आधी टाच कुठल्या अंगाला झिजलीय ते बघतो.
फोरमन टेबट म्हणायचा,
चामडं खोटं बोलत नाही, खोटं बोलतं ते पॉलिश.
आणि निपाणीत वडील वहाणा करायचे,
करकर वाजली नाही तर गिऱ्हाईक परत घेऊन यायचं,
म्हणून पायातला आवाज मला लहानपणापासून कळतो.

तर त्या दोघांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
ना तो हॉलिवूडचा पांढराशुभ्र जिना दिसला,
ना तिच्या झग्याचा घेर.
दिसले चार तळ.
त्याचा पाय जमिनीला विचारून टेकतो,
तिचा, उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखा.
मध्ये हातभर अंतर,
आणि ते अंतरसुद्धा
त्यांनी तालमीत बसवून घेतलेलं.

घाम कुठंच दिसत नाही.
कधीकधी मला याचाच राग यायचा.
किती जोड फाटले असतील,
रात्री बसून कुणी टाचा ठोकल्या असतील,
पाटीवर त्याचं नाव नाही.

शालन कधी बसून बघायची नाही.
मेथी निवडताना, इस्त्री करताना, येता-जाता एक नजर.
"एवढा कडक सूट घालून कुणी उड्या मारतं होय?"
एकदा मात्र इस्त्री हातात तशीच धरून थांबली.
"मागं घ्या," म्हणाली. "तो घसरला."
तो?
बावीस वर्षं बघतोय मी.
"घ्या तर मागं."

घेतलं.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
त्याची डावी टाच केसभर निसटते.
खरंच निसटते.
आणि ती त्याच्याकडे बघत नाही,
हात देत नाही, हसू मोडत नाही,
फक्त आपली गिरकी
अर्धी मात्रा लांबवते,
एवढीच, की तो पोचेपर्यंत
सम उंबऱ्यात थांबून राहावी.
मग दोघं एकदमच आत येतात
आणि आपण म्हणतो, काय नाचतो हा माणूस!

तोवर सदऱ्याची कॉलर जळल्याचा वास सुटला होता.

त्या संध्याकाळी चौदा वेळा पाहिलं.
पुढं मोजणं सोडलं.
फीत तिथंच झिजली.
आता बरोबर त्या पायरीवर बर्फ पडतो,
पांढऱ्या रेघा, खरखर,
तो पुसला जातो
आणि ती एकटीच त्या बर्फात फिरत राहते.
पोरगा म्हणतो, नवी प्रत आणतो, अगदी स्वच्छ.
नको म्हटलं.

कारखाना बंद पडला त्या वर्षाबद्दल
मी लोकांना सांगायचो, सावरलो कसाबसा.
शालन तेव्हा बिस्किटांच्या फॅक्टरीत रात्रपाळीला जायची,
सकाळी येऊन माझा डबा भरायची,
मी कुठंतरी कामाला निघालोय
असं गल्लीला दिसावं म्हणून.
डबा मी बागेतल्या बाकावर खायचो.

परवा विचारलं, तुला दिसलं कसं ते?
मला नाही दिसलं, बुटांतला माणूस मी.
ती नळाखाली कोथिंबीर धुत होती.
"तुम्ही पाय बघता," म्हणाली.
"मी तिचा खांदा बघत होते."

आज शनिवार.
पडदा ओढलाय.
वरच्या खोलीत तिची चाल ऐकू येतेय,
उजवी टाच जरा जड.
आज खांदा बघायचा,
बर्फ पडायच्या आत
जेवढा दिसेल तेवढा.